माझ्या पोटातली जाळी

मित्रांनो, मी एक जुना डिशवॉशर आहे, आणि माझी हकिकत ऐकायची असेल तर आधी नाकाला रुमाल लावा. वसईजवळच्या वटार गावातल्या एका वाडीत, विहिरीमागच्या पडवीत मी उभा आहे. माझ्या पोटात दोन कोंबड्या बसतात. त्यांची घाण, त्यांची पिसं, त्यांच्या उवा, सगळं माझ्याच अंगावर. तरी खरं सांगतो, कोंबड्यांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. किळस काय असते ते मला माणसांनी शिकवलं.

माझा जन्म परदेशातल्या एका स्वच्छ कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी माझ्या पोटात चकचकीत पत्रा बसवला, फिरते फवारे लावले, पाणी तापवणारी कॉइल जोडली आणि अगदी तळाशी एक गोल जाळी फिरवून घट्ट केली. खरकट्याचे कण त्या जाळीत अडकायचे आणि बाकीचं पाणी बाहेर जायचं. तेव्हा मला स्वतःचा मोठा अभिमान होता. जगात उष्टं म्हणून काही असतं, हे मला नुसतं ऐकून ठाऊक होतं.

१९९७ साली बहरीनच्या एका दुकानातून मला सेबॅस्टियनने घेतलं. तो तिथल्या हॉटेलात भांडी धुण्याच्या कामावर होता. दिवसभर मोठ्या यंत्रात शेकडो ताटं लावायची आणि काढायची, हेच त्याचं काम. इकडे गावी त्याची बायको रेजिना मात्र राख आणि काथ्या घेऊन विहिरीच्या मचूळ पाण्यात भांडी घाशी. तिच्या बोटांना भेगा पडत. दुपारी त्याच बोटांनी ती मोगऱ्याच्या वेण्या बांधी, आणि त्या वेण्या दादरच्या फुलबाजारात जात. एकदा अख्खी टोपली परत आली. पांढऱ्या कळ्यांवर रक्ताचे ठिपके होते. रेजिनाने हे नवऱ्याला कळवलं नाही, पण त्याच्या आईने, डेल्फिनने, फोनवर सांगून टाकलं. म्हणून मी आलो. मला भांड्यांसाठी नाही, त्या दहा बोटांसाठी आणलं होतं, एवढं ध्यानात ठेवा.

नाताळच्या आधी मी वटारला पोचलो. दुसऱ्या दिवशी सेबॅस्टियनने मला स्वयंपाकघरात मांडलं आणि सगळं नीट समजावून सांगायला बसला. कोणाला? तर आपल्या धाकट्या भावाला, रेमंडला. रेमंड माणिकपूरला विजेच्या मोटारींच्या तारा गुंडाळणाऱ्या दुकानात चार महिने बसला होता. तेवढ्या भांडवलावर तो घरातला इंजिनियर ठरला होता.

"ताट आत ठेवायच्या आधी खरकटं काढायचं," सेबॅस्टियन सांगत होता. "सुरी ह्या टोपलीत, टोक खाली करून. ही जाळी आठवड्यातून एकदा तरी काढून धुवायची. आनि आत हात घालायच्या आधी प्लग काढायचा."

"कळलं रे," रेमंड म्हणाला. त्याची नजर खिडकीबाहेर, शेजाऱ्याच्या नव्या मोटारसायकलवर होती.

रेजिना दारात उभी राहून ऐकत होती. डेल्फिन तिला म्हणाली, "उभी काय ऱ्हायलीस गो? मानसं बसलीत, चा टाक." रेजिना चुलीकडे वळली. मित्रांनो, ज्याने जन्मात एक वाटी विसळली नव्हती त्याला माझी सगळी विद्या मिळाली, आणि जिने मला रोज हाताळायचं ती चहा गाळत बसली. माझं वाटोळं तिथेच ठरलं.

सुरुवातीचे चार महिने सुखाचे गेले, ते नाकारणार नाही. सेबॅस्टियन परत गेला तरी त्याने आणलेली पावडर आणि मीठ पुरलं. गावातल्या बायका माझ्या दाराला कान लावून आतल्या पाण्याचा आवाज ऐकत आणि मान डोलावत. रेजिनाच्या बोटांच्या भेगा भरल्या. वेण्यांवर डाग पडेनासे झाले. एकदा ती माझ्या दारावर तळहात ठेवून काही वेळ नुसतीच उभी राहिली. तेवढा एक स्पर्श मी अजून जपून ठेवला आहे.

मग घराला माझी सवय झाली, आणि सवय झाली की माणसं कशी वागतात ते तुम्हाला माहीत आहेच. आधी ताटातलं खरकटं बादलीत काढत, ते बंद झालं. "मशीन हाय ना, खाईल," असं डेल्फिन म्हणे. मग माझ्या पोटात काय काय आलं म्हणून सांगू? मांदेलीची डोकी, बोंबलाचा चिकट रस, कोलंबीची सालं, वजडीच्या रश्शाचा गोठलेला थर, वाळलेला अंड्याचा बलक, पेल्यात विझवलेली विडी. डेल्फिनने एक दिवस आपली दातांची कवळी कपबश्यांच्या शेजारी ठेवली. आणि रेमंडने तर मित्राच्या मोटारसायकलचा कार्बोरेटर आत घालून मला चालू केलं. पेट्रोलच्या वासाने माझा जीव गुदमरला. तापलेल्या कॉइलजवळ पेट्रोल! त्या दिवशी त्या घराला आग लागली नाही, हे त्या घराचं नशीब. त्याच संध्याकाळी त्याच खणात जेवणाच्या वाट्या लागल्या आणि कुणाला काही वाटलं नाही.

माझ्या तळाशी मिठाचा एक कप्पा आहे. मचूळ पाण्याचा पांढरा थर भांड्यांवर बसू नये म्हणून त्यात स्वच्छ जाड मीठ घालावं लागतं. ते मे महिन्यात संपलं. रेजिनाने दिराला सांगितलं, तसा तो हसत सुटला.

"वयनी, अख्खी वसई मिठागरांवर बसलीय, आनि आपन मीठ इकत आनायचं? लोक हसतील."

त्याने मिठागरातून गोणभर मीठ आणलं. करडं, चिखलाचं, ओलं. त्यात शेवाळ होतं आणि एक मेलेला खेकडा होता. खेकडा तेवढा त्याने काढून टाकला. बाकीचा खाडीचा चिखल त्याने ओंजळी भरभरून माझ्या कप्प्यात ओतला आणि वरून हात झटकले. माझ्या नळ्या त्या दिवशी तुंबल्या, त्या पुढे कधी धड मोकळ्या झाल्याच नाहीत.

पावडर संपली तेव्हा त्याने कपड्यांची पावडर घातली. अर्ध्या तासात माझ्या दाराच्या फटीतून फेस उसळून ओटीपर्यंत गेला. डेल्फिन क्रूसाची खूण करत ओरडली, "ह्याला फेफरं आलं गो!" माझ्या प्लगचा मधला जाड, अर्थिंगचा पाय भिंतीतल्या भोकात बसेना, तर रेमंडने तो पकडीने मोडून टाकला. मग ओल्या पायांनी उभं राहून मला कुणी शिवलं की अंगात मुंग्या येत. "थोडा करंट लागतोच, आय. चप्पल घाल," एवढंच त्याचं उत्तर. आणि सगळे चप्पल घालू लागले.

जाळीला मात्र मी आल्यापासून एकानेही हात लावला नव्हता. तिच्यावर खवल्यांचा, काट्यांचा आणि चरबीचा बुळबुळीत काळा गोळा साचला. पाणी जाईना. दर धुण्यानंतर माझ्या तळाशी चार बोटं काळं पाणी उरे, आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच पाण्याचा फवारा ताटांवर मारी. मला स्वतःची शिसारी येत होती. रेजिना बिचारी ताटं बाहेर काढून नाकाशी धरी, आणि पुन्हा राखेने घासायला विहिरीवर नेई. तिच्या भेगा परत उघडल्या होत्या.

नोव्हेंबरात गावच्या चर्चचा सण आला. घरात वीस-पंचवीस पाहुणे जेवले. बदकाचं मांस, पाव, मासे, नुसता धुडगूस. जेवणं झाल्यावर रेमंड मोठ्या रुबाबात पाहुण्यांना मशीन दाखवायला उठला. कपबश्यांवर टोप, टोपांवर परात, असं त्याने कोंबलं. चमच्यांची टोपली भरलेली होती, म्हणून मासे कापायची लांब सुरी त्याने वरच भांड्यांवर आडवी टाकली. मी फिरायला लागलो तशी ती घसरत घसरत तळाच्या काळ्या पाण्यात जाऊन पडली. मला ती टोचत होती. सांगणार कुणाला?

मध्येच मी धापा टाकत थांबलो. पाणी निघत नव्हतं. पाहुणे हसले. रेमंड म्हणाला, "वयनी, बघा जरा काय अडकलंय," आणि पान खायला बाहेर गेला. रेजिनाने दार उघडलं. आतल्या वाफेने आणि वासाने तिने तोंड फिरवलं, पदर नाकाला लावला, आणि तोंड तसंच वळवून ठेवून उजवा हात त्या काळ्या पाण्यात घातला.

तिने हात बाहेर काढला आणि बघत राहिली. तर्जनी हाडापर्यंत चिरली होती. वेणी बांधताना दोरा ज्या बोटाने दाबतात, तेच ते बोट. जखमेत माझी सात महिन्यांची घाण गेली होती. डेल्फिनने हळद दाबली. तिसऱ्या दिवशी बोट काकडीएवढं सुजलं, पिकलं, आणि त्याला माझ्यासारखाच वास यायला लागला. माणिकपूरच्या डॉक्टरांनी ते दोनदा कापून पू काढला. बोट वाचलं, पण वरचं पेर ताठ आणि बधिर झालं ते कायमचं.

नाताळला सेबॅस्टियन आला. बायकोच्या हाताची पट्टी पाहून तो सरळ माझ्याकडे आला आणि दार उघडून वास घेतला. त्याने प्लग काढला, काळं पाणी वाटीने उपसलं, बाह्या वर केल्या आणि जाळी फिरवून बाहेर काढली. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून त्याने ती उलटी केली. मित्रांनो, त्या कागदावर काय पडलं ते मी पुन्हा सांगणार नाही. डेल्फिन उठून बाहेर गेली आणि कडुलिंबाखाली ओकली. त्याच पोटातून निघालेल्या ताटांत ती सात महिने जेवली होती.

"ही जाळी निघते?" रेमंडने विचारलं.

"मी तुला काढून दाखवली व्हती."

मग सेबॅस्टियन बायकोकडे वळला. "रेजिना, तुला तरी ठाऊक पायजे व्हतं."

"तू सांगत व्हतास तवा मी चा करत व्हते," रेजिना म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते सगळ्यांना लागलं. सेबॅस्टियनने तो कागद मुडपून गोळा केला. बहरीनला हा माणूस रोज पाच वेळा परक्यांच्या यंत्राची जाळी धूत होता.

डेल्फिन म्हणाली, हे धूड भंगारात द्या. मलाही तेच बरं वाटलं असतं. पण रेजिनाने नको म्हटलं. "त्याचा काय दोष? आपनच त्याचा उकिरडा केला." मग सेबॅस्टियनने तिला माझ्यासमोर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. प्लगही बदलून घेतला. पावडरीचा डबा फळीवर अगदी वर ठेवला, कारण लहान पोराने ती चाटली तर घसा जाळते. त्या दिवशी चहा रेमंडने केला. तो अगदी पाणचट झाला होता, पण सगळ्यांनी मुकाट्याने प्यायला. दर शनिवारी जाळी धुण्याचं काम पुढे त्याच्याच गळ्यात पडलं. तो नाक मुरडत धुवायचा, आणि त्याचं मुरडलेलं नाक पाहून मला फार समाधान वाटायचं.

पुढे आठ वर्षं मी इमानाने राबलो. माझी ताटं पुन्हा वासाशिवाय निघू लागली. रेजिनाच्या नऊ बोटांच्या भेगा भरल्या. ताठ बोट बाजूला धरून ती मधल्या बोटाने दोरा दाबायला शिकली, आणि तिच्या वेण्या पांढऱ्याशुभ्र जात राहिल्या. २००६ साली माझी कॉइल जळाली. सुटे भाग मिळेनात, तशी मला पडवीत आणून ठेवलं.

मित्रांनो, यंत्र घरात आणलंत तर ज्याच्या हातात ते राहणार आहे त्याला आधी समोर बसवा आणि शिकवा. चहा दुसऱ्याला करू द्या. आणि ज्या पोटातून तुमचं ताट निघतं ते पोट उघडून बघायची किळस करू नका. न बघता साचते तीच खरी किळस.

आता रोज सकाळी रेजिना अंडी घ्यायला पडवीत येते. कोंबड्यांशी बोलते, माझ्या दारावरची शीट फडक्याने पुसते. तिचा माझ्यावर राग नाही, हे मला माहीत आहे. पण आत हात घालण्याआधी ती अजूनही थांबते, खाली वाकते, आणि माझ्या पोटात नीट बघून घेते.