एका एकरात काय पिकतं?

ग्रामपंचायतीच्या टेबलावर दोन अर्ज पडले होते आणि निधी एकालाच पुरणार होता. बेंबळीजवळच्या त्या लहान गावात यंदा शेतीसाठी सरकारी पैसा आला होता. पहिला अर्ज उपसरपंच रणधीर आणि इतर मोठ्या शेतकऱ्यांचा, सोयाबीनच्या मळणीयंत्रासाठी. दुसरा नागूबाई आणि एकवीस अल्पभूधारकांचा. गावच्या विहिरीवर सौरपंप बसवावा आणि तिथून आपल्या तुकड्यांपर्यंत पाइप टाकावा, एवढंच त्यांचं मागणं.

"सरपंच वहिनी, ह्यात काय बघायचं?" रणधीर म्हणाले. "एकरभर रानात चार भाज्या लावत्यात. त्याला शेती म्हणायची व्हय? सरकारचा पैसा असा शिंपडला तर कुणाचंच भलं व्हायचं न्हाय."

सरपंच शिवांजली शिकलेली, कामाला वाघीण. पण तिच्या सासरीही तीस एकर सोयाबीनच होतं, त्यामुळे तिला हे पटलं. अर्ज नाकारण्याआधी जागा पाहिली असं कागदावर लिहावं लागतं, म्हणून ती दुसऱ्या दिवशी सकाळी नागूबाईंच्या रानाकडे निघाली.

भादव्यातल्या अतिवृष्टीत सोयाबीन सडलं होतं. वाटेच्या दोन्ही बाजूंची रानं अजून ओसाड पडली होती. नागूबाईंचा बांध ओलांडला आणि ती जागीच थबकली.

डोक्याच्या वर गेलेली तूर. तिच्या ओळींमध्ये हरभरा, कडेनं करडई आणि जवस. मांडवावर वालाच्या शेंगा, खाली सावलीत आलं नि हळद. पलीकडे मेथी, पालक, मुळा, वांगी. बांधावर शेवगा, लिंबू, पपई. कोंबड्या पाचोळा उकरत होत्या. शिवांजली मोजू लागली. सत्तावीसपर्यंत आली आणि आकडा चुकला.

साठीच्या नागूबाई लसूण खुरपत होत्या. "ये माय, बस," त्या म्हणाल्या.

"मावशी, हे सगळं एका एकरात?"

"एकराला दोन गुंठं कमीच हायत," नागूबाई हसल्या. त्यांनी मूठभर माती उचलून शिवांजलीच्या तळहातावर ठेवली. माती लोण्यासारखी मऊ होती. तिच्यातून दोन गांडुळं वळवळत बाहेर आली. लहानपणी वडिलांच्या रानात पाहिली होती, त्यानंतर आज!

"भादव्यात इथं पाणी शिरलं नव्हतं?"

"शिरलं की. मूग गेला, कोथमिर गेली. भोपळा मांडवावर व्हता, त्याला काय झालं न्हाय. अळू तर लई माजलं. परतेकाचं जगणं निराळं असतंय माय, सगळी एकदम कशी मरतील?"

शिवांजलीला ते दिवस आठवले. पूल चार दिवस पाण्याखाली होता. बाजार बंद, गाड्या बंद. घरात पाणी शिरलेली शंभर माणसं शाळेत आणून ठेवली होती आणि ती स्वतः रात्रंदिवस तिथंच राबत होती. शाळेत रोज मोठ्या पातेल्यात अळूची पातळ भाजी शिजायची. तिची तीन वर्षांची लेकही तीच खायची.

"मावशी, शाळेतलं ते अळू..."

"इथलंच. लिंबं शांताक्काची, अंडी महांतप्पाकडची. बावीस घरांनी मिळून पोचवलं."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"जेवणाऱ्याला काय सांगायचं?" नागूबाई सहज म्हणाल्या. "पण आता सांगते. फागुनात रानातलं पाणी आटतंय. गावच्या हिरीवरनं घागरीनं किती जगवायचं? ही रानं उभी राह्यली तर गावाच्या पोटाला आधार. एकट्या नागूबाईसाठी कोण मागतंय?"

शिवांजलीनं हातातली माती अलगद परत वाफ्यात ठेवली. ज्या रानाला ती नाही म्हणायला आली होती, त्यानं तिच्या लेकराला जेवू घातलं होतं!

शुक्रवारी शाळेच्या मैदानात ग्रामसभा भरली. रणधीर उठले. "माल आमी जास्त काढतो. मग यंत्र आमाला नको का?"

"जरूर हवं," शिवांजली म्हणाली. "पण आधी एक सांगा भाऊजी. पूल बुडाला तेव्हा तुमच्या घरी काय शिजलं?"

तेवढ्यात बायकांमधून रणधीरांच्या आईचा, लक्ष्मीबाईंचा आवाज आला, "भोपळा शिजला! नागूबाईच्या रानातला. म्याच आणला व्हता!"

सभा खदखदून हसली. हसता हसता ज्याला त्याला आपलं ते चार दिवसांचं ताट आठवत असावं. रणधीर आईकडे बघून ओशाळं हसले.

"यंत्र भाड्यानं आणता येतंय," ते म्हणाले. "पाइपाचं आधी करा." आणि पहिला हात त्यांनीच वर केला!

चैत्रात बावीस तुकड्यांवर पाणी पोचलं. कडक उन्हात हिरव्या राहिलेल्या त्या रानांकडे येणारा-जाणारा थांबून बघत राही. रणधीरांनीही आपल्या चाळीस एकरांतले दोन एकर वेगळे काढले आणि तिथं काय काय लावावं हे विचारायला ते नागूबाईंच्या बांधावर जाऊन बसले.

बंधुभगिनींनो, सरकारी निधी हा आपणा सर्वांच्या घामाचा पैसा आहे. अडचणीच्या दिवसांत जी लहान रानं गावाला जेवू घालतात, त्यांना बऱ्या दिवसांत पाणी पोचवणं हे साऱ्या गावाचं कर्तव्य आहे. त्याला उपकार म्हणू नका. जेवू घालणाऱ्या हाताला बळ देणं म्हणजे आपल्याच लेकरांच्या ताटाची काळजी घेणं!