उघाडीची राखण

काशीनाथ भोईरांचं पत्र येऊन महिना होत आला, तरी मी उत्तर दिलेलं नव्हतं. पत्र लांब नव्हतं. प्रश्नही एकच होता: तुमच्या घराची राखण कोणाच्या नावावर लिहू, तुमच्या की वहिनींच्या?

आम्ही दोघं एकमेकांना पत्रंच लिहितो. ते वरसावेला राहतात, मी मीरा रोडला, शांती नगरमध्ये. रिक्षानं जाता येईल इतकंच अंतर. पण मला फोनवर बोलता येत नाही हे त्यांनी पहिल्याच फोनमध्ये ओळखलं आणि तेव्हापासून ते लिहितात. आमची ओळखही लिहिण्यातूनच झाली. छापखान्यातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झाल्यावर मी खाडीकाठच्या उघाड्यांवर एक लेख लिहिला होता आणि तो एका त्रैमासिकात आला होता. त्रैमासिक वाचणारे थोडे. हा लेख शेवटपर्यंत वाचणारे बहुधा काशीनाथ एकटेच.

उघाडी म्हणजे बांधाला ठेवलेलं तोंड. दगडी खाचांत लाकडी फळ्या बसवतात. ओहोटीला त्या काढल्या की पावसाचं जास्तीचं पाणी खाडीत जातं, भरतीला लावल्या की खारं पाणी तळ्यात शिरत नाही. पूर्वी गावातली घरं आळीपाळीनं तिची राखण करीत. पुढे शेती गेली, राखण सुटली, फळ्या कुजल्या आणि गोड्या पाण्याचं तळं खारं झालं. हे सगळं मी पुस्तकांच्या कपाटासमोर बसून लिहिलं. उघाडी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. काशीनाथांनी लेख वाचला आणि गावाला बरोबर घेऊन उघाडी दुरुस्त केली.

राखणीला गावातली घरं कमी पडू लागली तेव्हा त्यांनी सोसायट्यांतून माणसं बोलावली. आमच्या मजल्यावरचे हितेश आणि हेमाली गेले. त्यांच्याबरोबर माझी बायको वासंती गेली. “बघून येते,” म्हणाली. पुढच्या रविवारी तिनं तेवढंही सांगितलं नाही.

मग घरात काशीनाथभाऊ सुरू झाले. काशीनाथभाऊ म्हणतात, यंदा पाणकोंबडीनं तळ्यात घरटं केलंय. काशीनाथभाऊ म्हणतात, फळ्यांच्या फटींत भरायची चिकणमाती हातानंच मळावी, फावड्यानं नाही.

“हे माझ्या लेखात आहे,” मी एकदा म्हणालो.

“असेल,” ती म्हणाली. “पण त्यांनी दाखवलं.”

ती पोळ्या लाटत होती. नखांत चिखल राहिला होता. मला तो चिखलसुद्धा आवडला नाही.

पत्रात काशीनाथांनी लिहिलं होतं, घराला एकच नाव लागतं, कारण चूक झाली तर गाव एकालाच बोलतं, अशी रीत आहे. माझं नाव द्यावं तर मला ते काम जमणार नाही याची खात्री होती. तिचं द्यावं तर ती कायमची तिकडची होईल असं वाटे. नाव गेलंच नाही, तर कदाचित तिचं जाणं आपोआप थांबेल. असा विचार करणारा माणूस आपण आहोत हे कळत होतं, तरी मी कागद पुढे ओढत नव्हतो.

पितृपक्षातली अमावास्या रविवारी आली. उधाणाची भरती दुपारी चढणार होती. वासंती सकाळीच गेली आणि तिची उन्हाची टोपी खुंटीवर राहिली. ती टोपी घेऊन मी निघालो. टोपी हे निमित्त होतं. ती तिकडे कशी हसते ते मला बघायचं होतं.

बांधावर पोचलो तेव्हा तिनं डोक्याला कोळी पद्धतीनं लाल रुमाल बांधला होता. कोपरापर्यंत हात मातीत.

“वो नहीं हितेश, नीचेवाली पहले,” ती ओरडत होती. “काशीनाथभाऊ, गप्पा नंतर. माती आणा.”

“आनतो, बाय. माजी सासू बरी व्हती,” काशीनाथ म्हणाले आणि सगळे हसले. ती सर्वांत जास्त. घरी ती मला असं कधी काही आणायला सांगत नाही. तिला हवं ते ती स्वतः उठून घेते.

काशीनाथांनी मला पाहिलं. “आरं, सर आलं. या, सर. ज्यांनी लिवला त्यांनीच एक फली लावावी.”

मी कधीच कोणाचा सर नव्हतो. नको म्हणायलाही आवाज फुटेना, म्हणून खाली उतरलो. फळीची उतरती कड खाडीकडे हवी, हे मी स्वतः छापून आणलेलं वाक्य. सगळ्यांच्या नजरेखाली, घाईत, मी ती कड तळ्याकडे केली. वर बाकीच्या फळ्या बसल्या, फटींत माती भरली गेली. हेमालीनं टाळ्या वाजवल्या.

भरती चढली आणि माझ्या फळीखालून पाणी उसळलं. आधी बोटभर, मग मनगटाएवढं. सगळे माती घेऊन धावले, पण मागून पाण्याचा रेटा होता. खारं पाणी तळ्यात पसरू लागलं. आता ओहोटीशिवाय फळी निघणार नव्हती.

हौसाबाई, काशीनाथांच्या चुलती, काठी टेकत बांधावर आल्या. त्यांनी पाण्याकडे पाहिलं.

“राखन कोनाची आज?”

मी तोंड उघडलं, पण शब्द जुळवेपर्यंत वासंती म्हणाली, “माझी.”

“मंग डोले कुटं ठेवलं व्हतं? तलं खारा झाला तं त्याची मासली तू खाशील? शेरातल्या बाया. हात गोरं नि काम काला.”

हौसाबाई बोलत राहिल्या. वासंती खाली मान घालून ऐकत होती. काशीनाथ माझ्याकडे पाहत होते. मला लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. त्या क्षणी मला त्या बोलण्याचा हेवा वाटत होता. उभ्या आयुष्यात माझ्या चुकीसाठी गाव गोळा झालं नव्हतं. मुद्रितं तपासताना सुटलेल्या चुकासुद्धा छापखान्याच्या नावावर जात.

“मावशी, ओहोटीला परत लावते,” वासंती म्हणाली. “तुम्ही थांबा आणि बघा.”

हौसाबाई थांबल्या. मीही थांबलो. ओहोटी लागल्यावर तिनं फळ्या काढल्या, आत आलेलं पाणी बरंचसं बाहेर जाऊ दिलं आणि माझी फळी सरळ करून लावली. हौसाबाईंनी काठीनं मातीला दोनदा टोचून पाहिलं आणि त्या घराकडे वळल्या.

परतताना रिक्षात मी म्हणालो, “फळी मी उलटी लावली.”

“माहितीये. लावतानाच दिसलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“एवढ्या माणसांत तुम्हाला?” ती म्हणाली. “परत आला नसता तुम्ही.” मग म्हणाली, “ती माझीच चूक. राखण करणाऱ्यानं बोलायला पाहिजे होतं.”

“राखण कोणाची ते अजून लिहिलेलं नाही.”

“ते तुम्हाला माहीत. पत्र तुम्हाला आलंय.”

म्हणजे महिनाभर तिला ठाऊक होतं, आणि तिनं विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती भाजी आणायला गेली तेव्हा मी लिहायला बसलो. आमच्या घराची राखण वासंती रामनाथ नाडकर्णी यांच्या नावावर लिहावी. एवढं लिहायला वेळ लागला नाही. मग खाली लिहिलं: रविवारची ती फळी माझ्या हातची होती. हौसाबाईंना तसं सांगावं. मी पुढच्या वेळी माती मळायला येईन, तेव्हा त्यांनी मला काय बोलायचं ते बोलावं.

तिला ‘बाय’ म्हणू नका, हेही लिहावंसं वाटत होतं. लिहिलं नाही. मजकूर नेहमीच्या सवयीनं पुन्हा पुन्हा वाचला. ‘मळायला’ हा शब्द मला शोभत नाही असं वाटून खोडला, आणि पुन्हा तोच लिहिला.

वासंतीनं दारातून पिशवी आत ठेवली आणि पाकीट पाहिलं. नाव कोणाचं, ते विचारलं नाही.

“तिकीट लावलंत का?” म्हणाली.

लावलं होतं. मी खाली उतरलो आणि पत्र पेटीत टाकलं.