घुम्यासमोरची खुर्ची

बंदुकांच्या दुकानाच्या मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला सगळे घुम्या म्हणत. नाव मालकांनी, म्हणजे बाबांनीच ठेवलेलं. त्याला ना इंटरनेट, ना दुसऱ्या कुठल्या यंत्राशी बोलणं. दुकानात आलेली आणि दुकानातून गेलेली प्रत्येक बंदूक, तिची नोंद त्याच्या पोटात, आणि तोंडात मिठाची गुळणी.

"कुणाच्या घरात कुठली बंदूक आहे, हे एकदा बाहेर फुटलं की चोरांना टेहळणी करायचेही कष्ट नकोत," बाबा म्हणायचे. "म्हणून हा एकलकोंडाच बरा."

घुम्या उघडायला दोन माणसं लागत. पासवर्ड तिघांकडे होते: बाबांकडे, त्यांच्या लेकीकडे आणि बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे. त्यातले कुठलेही दोघं चालत. आपला पासवर्ड दुसऱ्याला सांगायचा नाही, कागदावर लिहायचा नाही, आणि दुसरा टाइप करत असताना भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. विसरला तर फोन करून विचारायला कुणी नव्हतं. बाबांना त्याचाच तर अभिमान.

आणि विसरले बाबाच.

लेक बाळंतपण उरकून दुकानात परत आली, तेव्हा तिच्या ते ध्यानात आलं. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की बाबा हातावरचं तेल धुऊन आत जात आणि तिला हाक मारत. ती आपला पासवर्ड टाकी, भिंतीकडे वळे. मग पाठीमागे बाबांच्या बोटांची टकटक, आणि घुम्याचा नकाराचा ठसका. पुन्हा टकटक, पुन्हा ठसका.

"डोकं फिरलंय याचं," बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोष कीबोर्डचा होता, मग चष्म्याचा. आणि एकदा, तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "माझ्या पासवर्डात तुझ्या आईचं काही होतं का गं?"

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक भिंतीकडेच बघत राहिली. भिंतीचा रंग कुठे कुठे उडालाय, ते तिला त्या दिवशी पाठ झालं.

युक्ती मिस्त्रींनी काढली. "मालक आत जायच्या आधी आपण दोघं उघडून ठेवू. ते बसतील तेव्हा तो उघडाच असेल. माणसाला आपल्याच दारात कडी वाजवायला लावू नये, ताई."

तसंच सुरू झालं. नोंदी दोघं सकाळी करत. संध्याकाळी बाबा खुर्चीत बसत, नात मांडीवर घेत आणि पडद्यावरून बोट फिरवत. "आमच्या इन्स्पेक्टरबाईंना दाखवतो सगळं," म्हणत. इन्स्पेक्टरबाईंना दात येत होते, त्या टेबलाची कड चावत. मग बाबा म्हणत, "सगळं बरोबर आहे," आणि बाहेर येत. चेहऱ्यावर दिवस सार्थकी लागल्याचं समाधान. ते बघून लेकीला वाटे, चाललंय ना, चालू दे. यात कुणाचं काय बिघडतंय?

ते कळलं एका सकाळी. मांडणीवरच्या बंदुकांच्या चापांमधून एकच लांब साखळी ओवलेली असे. मिस्त्री एकेका बंदुकीचा नंबर वाचत होते, लेक घुम्याशी ताडून बघत होती. मिस्त्री मध्येच थांबले. साखळीला एका जागी झोळ पडला होता.

"नेमबाजांची रायफल कुठाय?"

नेमबाज म्हणजे बाबांचा जिवाभावाचा मित्र. तरुणपणी नेमबाजीत बक्षिसं मिळवलेला, म्हणून तेच नाव पडलेलं. तो मागच्या वर्षी गेला. मुलाला स्वतःच्या नावाचा परवाना मिळेपर्यंत रायफल दुकानात ठेवलेली होती, आणि परवाना अजून आला नव्हता.

"अरे, मी दिली की त्याला," बाबा काउंटरवरून म्हणाले. "काल दुपारी तू बाळाला झोपवत होतीस, तेव्हा येऊन गेला. तब्येत काय सुधारलीय गड्याची. केससुद्धा काळे झालेत. मी म्हटलं, कलप लावतोस होय रे म्हाताऱ्या? नुसता हसला."

मिस्त्रींनी हातातली साखळी आवाज न करता खाली ठेवली.

बाळाला शेजारच्या शिंपीणबाईंकडे सोडून, शटरला कुलूप लावून आणि बाबांनाही त्यांच्याचकडे बसवून दोघं निघाले. नेमबाजाच्या मुलाने दार उघडलं. अगदी बापाचं नाक, बापाचे खांदे.

"मी परवान्याचं विचारायला आलो होतो," तो म्हणाला. "काकांनी साखळी सोडवून हातातच दिली. म्हटलं, झालं असेल काम. काका काय चुकणार आहेत?"

रायफल बैठकीच्या खोलीत, कपाट आणि भिंतीच्या फटीत उभी होती. अंगावर एक जुनी चादर, आणि चादरीचं टोक धरून एक लहान मुलगी जमिनीवर बसलेली. ती भातुकलीचा पसारा मांडून त्या टोकाने आपल्या बाहुलीला पांघरूण घालत होती.

मिस्त्रींनी रायफल उचलली, खोलून पाहिली. रिकामी होती. ती गाडीत ठेवून दोघं परत निघाले. दुकान जवळ आल्यावर मिस्त्री म्हणाले, "रिकामी होती, ताई."

"हो," लेक म्हणाली. "आपल्यामुळे नव्हती पण."

परवाना कचेरीत दोघांनी त्याच दिवशी जाऊन सगळं सांगितलं. तिथल्या अधिकारी बाई भल्या होत्या. दुकानाचा परवाना लेकीच्या नावावर करा, म्हणाल्या, आणि वडिलांचा हात आजपासून बंदुकांना लागता कामा नये. ते तर लेकीने त्या चादरीकडे बघतानाच ठरवलं होतं. राहिलं होतं ते बाबांना सांगणं.

तिने त्यांना मागच्या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. बाबा आधी तडकले. "माझं दुकान. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून चालवतोय. आणि मित्राला त्याची बंदूक दिली तर तुम्ही दोघं माझी चौकशी करणार?"

"बाबा, ते नेमबाजकाका नव्हते. त्यांचा मुलगा होता."

"का? त्याला स्वतःला यायला काय झालं?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. लेक बाबांच्या गुडघ्याशी बसली. "ते गेले, बाबा. मागच्या वर्षी."

बाबांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. जणू बातमी आता, या क्षणी दारात आली होती. "मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही त्यांच्याकडे गेला होतात. शेवटपर्यंत त्यांचा हात धरून बसला होतात."

"मी?"

"तुम्हीच."

मग बाबा रडले. पहिल्यांदा रडावं तसे. मांडीवरच्या इन्स्पेक्टरबाई त्यांच्या शर्टाचं बटण ओढत होत्या. बाबांनी ते सोडवलं नाही. बऱ्याच वेळाने बाहीने तोंड पुसून ते म्हणाले, "काढा मला यातून. आत्ताच काढा, शहाणा आहे तोवर."

मिस्त्रींनी आणि लेकीने आपापला पासवर्ड टाकला. बाबांच्या नावापुढची खूण काढली, तसं घुम्याने कारण विचारलं. लेकीने 'वय झाल्याने' असं टाइप करायला घेतलं.

"ते काय लिहितेस?" बाबा पुढे वाकले. "वय मिस्त्रींचंही झालंय. ते चुकतात का?"

"मग काय लिहू?"

"विसरतो. एवढंच लिही."

तिने लिहिलं. मिस्त्री उगाच चष्मा पुसत राहिले. बाबांनी पडद्यावर बोट ठेवून तो एक शब्द वाचला आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं. बाबा उठले, मोरीत हात धुतले, टॉवेलला पुसले आणि आत जाऊन खुर्चीत बसले. "चल गं," त्यांनी हाक मारली. "तुझा पासवर्ड टाक."

मिस्त्रींनी लेकीकडे बघितलं. "आजचा दिवस बसू दे," ते हळूच म्हणाले.

"नको, काका."

ती आत गेली. त्यांच्या गुडघ्याशी बसून तिने पुन्हा सांगितलं. आता हे काम तिचं आणि मिस्त्रींचं, बाबांनी बंदुकांना हात लावायचा नाही.

"का?" बाबांनी विचारलं. रागाने नव्हे, नुसतंच.

"एक रायफल चुकून बाहेर गेली होती. परत आणली."

"माझ्या हातून?"

"हो, बाबा."

ते आपल्या तळहातांकडे बघत राहिले. "कुणाची होती?"

लेक म्हणाली, "एका गिऱ्हाइकाची."

"बरं झालं आणलीस." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि चेहरा उजळला. "नेमबाज बऱ्याच दिवसांत फिरकला नाही. बरा आहे ना तो?"

"बरा आहे," ती म्हणाली.

बाबांचा हात धरून तिने त्यांना उठवलं आणि बाहेरच्या बाकावर, काउंटरपासून लांब, खिडकीशी बसवलं. बाळाला त्यांच्या मांडीवर दिलं. मग मिस्त्रींना घेऊन आत गेली, आपला पासवर्ड टाकला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.