मी गेणभाऊंची सात नंबरची काठी

मी गोल्फची काठी बोलतेय. सात नंबरची, पोलादी डोक्याची. डोकं जड आहे, पण आत अक्कलही आहे, असं आपलं माझं मत. दुसरं कुणी अजून म्हटलेलं नाही.

कारखान्यात जन्मले आणि पुण्याच्या एका साहेबांकडे नांदायला गेले. साहेबांनी मला मोजून चार वेळा फिरवलं, त्यांच्या कमरेत उसण भरली, आणि येडगावच्या धरणाकाठच्या रिसॉर्टवर ते मला चक्क विसरून गेले. वर्षभर छत्र्यांच्या पिंपात पडून होते. मग तिथं गवत कापणाऱ्या गेणभाऊंनी मला उचललं. काय ते हात! मी लाजलेच.

गेणभाऊ म्हणजे पिंपळवंडीचे जुने पैलवान. रिसॉर्टवर गोल्फ शिकवणाऱ्या तेजस्विनी मॅडमना मदतनीस हवा होता. अट एकच, रविवारी तीन चेंडूंपैकी एक तरी मैदानालगतच्या तळ्यापार गेला पाहिजे. गेणभाऊंनी ठरवलं, गवत पुष्कळ कापलं, आता आपण शिकवायचं. गावभर सांगूनही टाकलं.

पण घोडं अडलं बॅकस्विंगपाशी. चेंडू मारण्याआधी मला पार खांद्यामागे न्यायचं असतं, आणि त्यासाठी जिकडे मारायचं तिकडेच पाठ करावी लागते. गेणभाऊ मला कमरेपर्यंत नेत आणि थांबत. चेंडू तळ्यात डुबुक! बेडकांनी बिऱ्हाड हलवलं असेल.

"गेणभाऊ, तळ्याला पाठ दाखवा," मॅडम म्हणायच्या.

"म्याडम, काय बी सांगा, पर त्येवढं नका सांगू. आख्ख्या तालुक्यात कुनाला पाठ दावली न्हाई आपण!"

अहो, तळं काय कुस्ती धरणार होतं?

रविवारी दोन चेंडू बुडाले. गेणभाऊंच्या मिशा खाली आल्या. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात डबा घेऊन आलेल्या ठमाबाई, त्यांच्या कारभारीण, पुढे झाल्या.

"काय म्हनता म्याडम?"

"पाठ फिरवा म्हणते, मावशी. फिरवतच नाहीत."

"फिरवत न्हाईत?" ठमाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "अवं, आमटी आळणी झाली की भितीकडं तोंड करून कोन बसतं? तवा बरी वळती पाठ!" आणि तळ्याच्या अंगाला जरा बाजूला उभ्या राहून त्या ओरडल्या, "आज मीठ टाकलंच न्हाई म्या. रुसा!"

सगळे खो खो हसले. गेणभाऊंचे कान लाल झाले. नजर चेंडूवर, आणि पाठ? अहाहा! पुरती वळली. मी खांद्यावरून मागे गेले आणि जन्मात पहिल्यांदा मला मागचे डोंगर दिसले. मग सुटले ती सुटलेच! चेंडू तळं ओलांडून पलीकडच्या उसात.

"गेला गं बाई, गेला!" पहिली उडी ठमाबाईंनी मारली.

आता गेणभाऊ शिकवतात. बॅकस्विंग हा शब्द ते वापरतच नाहीत. "रुसा! आजून रुसा! आर्दं रुसू नका, राव!" आणि पुण्याचे साहेबलोक ओळीनं रुसतात. माझी मूठ झिजली, डोक्यावर पोचे आले, तरी मजेत आहे. माझी विनंती एवढीच, फिरवायचं तर मला पुरतं फिरवा. कमरेशी आणून सोडू नका.

परवा मात्र ठमाबाई डबा देताना थांबल्या.

"समदा रुसवा हितंच सांडून येता व्हय? दोनदा मीठ टाकलं न्हाई, तरी गुमान जेवलात. एखाद्या दिशी घरी बी रुसा की. तुमची समजूत काढल्याबिगर मला करमत न्हाई."