उलटं झाकण

"टाक अजून. हात आखडता घेऊ नकोस," बॉनेटखाली डोकं घालून झाकणदादा म्हणाले.

लेकीने पावडरचा डबा इंजिनवर उपडा धरला आणि बुडावर चापट्या मारल्या. डबा घरचा होता, आईला न विचारता उचलून आणलेला. काळंकुट्ट इंजिन बघता बघता पांढरंफटक झालं.

"नवरी नटवताय की काय?" मिस्त्री हसला.

"नटू दे की. आज परीक्षा आहे गाडीची," दादा म्हणाले. सकाळपासून त्यांचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

बापलेकीचं भांडण महिनाभर चाललं होतं. ट्रक दादांचा, पण त्यांचे गुडघे गेल्यापासून तो चालवायची लेक. इंजिनने नऊ लाख किलोमीटर ओढले होते आणि आता ते तेल गाळत होतं. मागच्या आठवड्यात भरल्या गाडीनिशी ती चढावर एकटीच अडकली आणि मग तिने हट्टच धरला, इंजिन बदला. दादा म्हणायचे, दुरुस्त करू. हे इंजिन लेकीच्या आधी घरात आलेलं. त्याचा आवाज कोपऱ्यावर आला की बायको ताटं मांडायला घ्यायची. ते भंगारात घालायचं दादांच्या जिवावर आलं होतं.

शेवटी मिस्त्रीनेच तोड काढली. इंजिन धुऊन कोरडं करायचं, पावडर मारायची आणि चढावर एक फेरी करून यायची. तेल जिथून सुटत असेल तिथून पावडरीवर ओघळ दिसेल. खालचा ब्लॉक तडकला असेल तर नवीन इंजिन. वरच्या कव्हरचं पॅकिंग गेलं असेल तर नुसती दुरुस्ती. दोघांनीही हे मान्य केलं.

लेकीने गाडी चढाला लावली. शेजारी बसून दादांनी डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"आता दुसरा गिअर टाक. हां, दाब."

"बाबा, गाडी मी चालवतेय ना?"

"चालव की. मी कुठे काय म्हणतोय?"

परत येऊन गाडी थांबते न थांबते तोच दादा गुडघे विसरून खाली उतरले. मिस्त्रीने बॉनेट उघडलं. तिघांची डोकी एकदमच आत गेली. ब्लॉक स्वच्छ पांढरा होता. वरच्या कव्हरच्या कडेपासून मात्र एक काळा ओघळ वळणं घेत खाली आला होता.

"वरून आहे," मिस्त्री म्हणाला. "पॅकिंगच गेलंय. संध्याकाळी गाडी घेऊन जा."

दादांनी टाळी वाजवली आणि मिस्त्रीला मिठीच मारली. हरूनही लेकीला हसू आवरेना. "जिंकलात बाबा. करा दुरुस्ती."

दादांना आता आभाळ ठेंगणं झालं. "इंजिन बंद करू नकोस रे. गाडीची छाती किती मजबूत आहे ते दाखवतोच तुम्हाला."

झाकणदादा हे नाव त्यांना उगाच पडलेलं नव्हतं. जुना ट्रक घ्यायचा तर लोक त्यांना बरोबर नेत. दादा इंजिन चालू ठेवायला सांगत, तेल ओतायच्या तोंडावरचं झाकण काढत आणि तिथेच उलटं, सैल ठेवत. झाकण बसून राहिलं तर गाडी घ्या. आतल्या दाबाने उडालं तर पाठ फिरवा, कारण मग पॅकिंग कितीही बदला, तेल दुसरीकडून वाट काढणारच. बाजारात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. स्वतःच्या गाडीवर मात्र त्यांनी कित्येक वर्षांत झाकण ठेवलं नव्हतं. घरच्या माणसाची नाडी कोण रोज बघतो?

त्यांनी ऐटीत झाकण उलटं ठेवलं आणि हात बाजूला घेतला. झाकण थरथरलं. टणटण वाजलं. मग उडालं आणि बंपरवर आपटून खाली घरंगळत गेलं.

"चढ चढून आलीय, तापलीय," मिस्त्री म्हणाला. "निवू दे. मग परत ठेवून बघू."

"हो ना बाबा," लेक म्हणाली. महिनाभर नवीन इंजिनासाठी भांडली होती तीच. "नीट बसलं नसेल. परत ठेवा तुम्ही."

दादा गुडघ्यावर हात देऊन वाकले. झाकण उचलून त्यांनी सदऱ्याला पुसलं. गाडी मनात भरलेला प्रत्येक जण त्यांना हेच म्हणत आला होता, दादा, परत ठेवून बघा. आणि दादांचं उत्तरही आजवर कधी बदललं नव्हतं.

"झाकण एकदाच ठेवायचं असतं, बाळा. दुसऱ्यांदा ठेवतो तो स्वतःची समजूत घालतो." मग ते मिस्त्रीकडे वळले. "नवीन बसव. चढावर ही एकटी असते."

त्यांनी झाकण जागेवर घट्ट फिरवलं. मिस्त्री इंजिन बंद करायला निघाला तसे ते म्हणाले, "थांब. मी करतो."

दांडीला धरून ते वर चढले आणि चालकाच्या जागेवर बसले. किल्लीवर हात ठेवून बराच वेळ तसेच ऐकत राहिले. लेकीने घाई केली नाही. शेवटी आवाज थांबला, तेव्हा तिने गळ्यातला रुमाल काढला आणि इंजिनवरची पावडर हलक्या हाताने पुसायला घेतली.