बाईंच्या घरची तार

"दादा, तिथे हात नको लावूस," धाकटा म्हणाला. "या टोकाला बोट चालत नाही."

थोरल्याने हात मागे घेतला. सव्वीस वर्षं त्याने टेलिफोनच्या तांब्याच्या तारा जोडल्या होत्या. तारेत ओल शिरली की खरखर ऐकूनच बिघाड कुठे असेल ते तो सांगायचा. धाकट्याला कामाला त्यानेच लावलं होतं. गेल्या वर्षी कंपनीने फायबरचं, म्हणजे काचेच्या तारेचं, काम शिकायला एकालाच पाठवलं, धाकट्याला. तेव्हापासून काच जोडायचं यंत्र त्याच्या हातात आणि जुन्या तारा उतरवणं थोरल्याच्या वाट्याला. थोरल्याच्या पोटात दुखायचं, आणि ते त्याचं त्यालाही कळायचं.

आज बाईंच्या घरची तार बदलायची होती. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. शिकवण्या आता इंटरनेटवर घेत. बारा वाजता वर्ग होता. एरवी तार बिघडली की त्या कंपनीला नाही, थोरल्यालाच फोन करत.

धाकट्याने केसाइतका बारीक काचेचा धागा सोलला, पुसला, कापला आणि यंत्रात ठेवला. ठिणगी उडाली.

"झालं? यांना तर अर्धा दिवस लागायचा," बाई म्हणाल्या.

"तारेतून वीज जाते बाई, यातून उजेड," धाकटा म्हणाला. "उजेडाला ओलीचं भय नाही. वेगही कितीतरी पट."

"हुशार आहे हो तुमचा भाऊ."

"यंत्र चांगलं आहे," थोरला म्हणाला.

"आणि घरातली वीज गेली तर?" बाईंनी विचारलं.

"मग बंद. छोटी बॅटरी ठेवा," धाकटा म्हणाला.

"आमची तार फोनपुरती वीज सोबत घेऊन यायची," थोरला म्हणाला.

राऊटर कुठे बसवायचा ते दाखवायला बाई धाकट्याला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. धाग्याचं राऊटरला जोडायचं दुसरं टोक पुसून टेबलावर उघडं ठेवलेलं होतं. थोरल्याने त्यावर अंगठा दाबला. फार जोरात नाही.

धाकट्याने परत येऊन ते राऊटरला जोडल्यावर लाल दिवा लागला. धाकट्याने काढून पुन्हा जोडलं. पुन्हा लाल. बाराला दहा कमी होते.

"यांच्या वेळी असं कधी झालं नाही," बाई म्हणाल्या.

हे वाक्य ऐकायला थोरला वर्षभर थांबला होता. ते त्याला मिनिटभर पुरलं.

धाकट्याने पेटीतून छोटा सूक्ष्मदर्शक काढून टोकाला लावला. त्याच्या पडद्यावर काचेचा गोल दिसला आणि त्यावर तेलकट डाग. त्याने मान वर केली, दादाकडे पाहिलं आणि पडदा बाईंना दिसणार नाही असा वळवला.

"माझीच चूक बाई. पुसायचं राहिलं."

त्याने टोक पुसलं, जोडलं. दिवा हिरवा झाला.

थोरला भिंतीवरची जुनी तार सोडवत होता. वर्ग सुरू करता करता बाईंनी विचारलं, "बिघडलं तर तुम्हालाच सांगू ना?"

"नाही बाई. याचा नंबर लिहून घ्या."

त्याने भावाचा नंबर पाठ म्हटल्यासारखा सांगितला. बाईंनी लिहिला. तार गुंडाळता गुंडाळता थोरल्याने कागदाकडे पाहिलं. शेवटचा आकडा लिहायचा राहिला होता. धाकटा पेटी घेऊन जिना उतरला होता, आणि बाईंचं लक्ष पडद्यावरच्या मुलांकडे होतं.

थोरला वर्ग संपेपर्यंत दारात थांबला.

"शेवटी चार आहे, बाई," तो म्हणाला.