गब्बूचा काटा

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. रविवारची सकाळ आहे. फरशीवर दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेवले आहेत. एक मोठा, करड्या रंगाचा. दुसरा छोटा, निळा. मोठ्या काट्यावर एक बाई श्वास रोखून उभी आहे, जणू श्वास सोडला तर तबकडीवरची सुई पुढे सरकेल. तुम्ही दाराशी उभे राहा. आवाज करू नका, नुसतं बघा.

“अडुसष्ट!” आई ओरडली. “अहो, अडुसष्ट!”

“बघू, बघू,” बाबा वाकले. “खरंच की! आता तुझ्या माहेरचे तुला दारातून परत पाठवतील. म्हणतील, ही बाई कोण?”

“तुमचं काय कमी आहे? काल पट्ट्याला नवीन भोक पाडलंत.”

“एक नाही, दोन पाडली,” बाबा म्हणाले, आणि दोघं खूप हसले. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. “चल गब्बू, तुझा नंबर.”

गब्बू दहा वर्षांची होती. तिने केसांतली पिन काढून खिडकीत ठेवली. खिसा उलटा करून पाहिला, त्यात खोडरबर निघालं, तेही ठेवलं. मग ती निळ्या काट्यावर चढली.

सुई चाळिसावर थांबली.

“मागच्या रविवारी पण चाळीसच होतं,” ती म्हणाली.

“मग? आम्ही काय करणार?” आई म्हणाली. “काटा काय तुझा मामा आहे, लाड करायला?”

आता या घराची ओळख करून देतो. बाबांना सगळा बाजार काटेमास्तर म्हणायचा. दुकानांतले, गोदामांतले वजनकाटे तपासायचे, दुरुस्त करायचे आणि बरोबर निघाले की पकडीने तारेत शिशाचा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. पिशवीत पाच-पाच किलोची चार वजनं असायची. दुकानदार म्हणायचा, “मास्तर, वीस-तीस ग्रॅम इकडेतिकडे चालतंय की.” काटेमास्तर त्याच्याकडे असं बघायचे की तो पुढचं वाक्य गिळायचा. आई शिवणकाम करायची. शाळेच्या गणवेशांचं काम तिच्याकडे असायचं, त्यामुळे गळ्यात टेप कायम.

काही महिन्यांपूर्वी दोघंही जाडजूड होती. गब्बूही गुटगुटीत होती, एक्केचाळीस किलोची. खोकल्याचं औषध आणायला तिघं गेली असताना डॉक्टरांनी सहज सगळ्यांचं वजन केलं आणि म्हणाले, “मुलीला काही बोलू नका. ती वाढतेय, खेळली की होईल ठीक. तुम्ही दोघं वजन उतरवा. ती तुमचं बघून शिकेल.”

दोघांनी मनावर घेतलं. बाबा पहाटे चालायला लागले, आईने साखर सोडली. पाच महिन्यांत बाबांचे पंधरा किलो उतरले, आईचे चौदा. चांगलं काम होतं ते, मी त्यांना त्याचं श्रेय देतो. पण माणूस हलका झाला की त्याची जीभही सुटते, असं काहीसं त्या घरात झालं.

जेवताना दोघं आपापल्या ताटात मूठभर भात घ्यायची आणि गब्बूच्या ताटाकडे बघत बसायची.

“घे ना,” आई म्हणायची. “तुला कोण अडवतंय? आम्ही आपलं आमचं बघतो.”

“भूक नाही,” गब्बू म्हणायची.

“कशी असेल? साठा आहे ना भरपूर,” बाबा म्हणायचे.

ती दोघं तिला मारत नव्हती, उपाशी ठेवत नव्हती. भांडं तिच्यासमोरच असायचं. गब्बूचा हात भांड्यापर्यंत जायचा आणि परत यायचा.

निळा काटा बाबांनी तिच्यासाठी स्वतः बनवला होता. वाढदिवसाची भेट. तबकडीवर पस्तिसाच्या खुणेपाशी त्यांनी लाल रंगाचा ठिपका दिला होता. “सुई इथं आली, की सुट्टीत तुला कामावर घेऊन जाणार. मी काटा तपासायचा, शिक्का तू मारायचास.” गब्बूला याहून मोठं काही हवं नव्हतं. घरी ती बाबांच्या हाताखाली वजनं पुसून द्यायची. आधी रिकामा काटा शून्यावर आहे का बघायचं, मग एकेक वजन चढवत जायचं, हे तिला पाठ होतं. वर्गात कोणी तिला हसलं, तर ती म्हणायची, “माझ्या बाबांचा काटा खोटं बोलत नाही. कमी झालं की तोच सांगेल.”

पहिल्या महिन्यात सुई एकोणचाळिसावर आली. गब्बू घरभर नाचली आणि म्हणाली, “आज एक बिस्किट खाऊ?”

बाबांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, आता ही ढिली पडणार. त्या दुपारी ती खेळायला गेल्यावर त्यांनी निळा काटा उलटा केला. आतल्या तरफेच्या टोकाशी एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की रिकामा काटा शून्यच दाखवतो, पण वजन पडलं की वाढवून सांगतो. दुकानदारांची ही लबाडी त्यांनी आयुष्यभर पकडली होती, त्यामुळे करायची कशी हे त्यांना चांगलंच माहीत होतं. त्यांनी अर्धा फेरा दिला. पुढच्या महिन्यात आणखी थोडा. त्यानंतर आणखी.

आईला हे टेपमुळे कळलं. गणवेशाच्या मापासाठी तिने टेप गब्बूच्या कमरेभोवती गुंडाळली आणि मोजून थबकली. गब्बू आंघोळीला गेल्यावर ती म्हणाली, “अहो, पोर तीन इंच उतरलीय. मग काट्यावर कशी दिसत नाही?”

बाबांनी सांगितलं.

आईने टेपची गुंडाळी केली. “पण स्कर्ट ढिला लागला की तिला कळेल ना.”

“मग तू आहेसच की,” बाबा म्हणाले.

आणि आईने तो स्कर्ट मशीनवर घेतला. बाजूची शिवण उसवली, दोन्हीकडून दीड-दीड इंच आत घेतली, इस्त्री केली आणि जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी गब्बूने हूक लावून पाहिला. होता तसाच घट्ट बसला. तिने डबा न उघडता परत आणायला सुरुवात केली ती त्या दिवसापासून.

मधे एकदा आत्या आली. भावाला बघून तिने गालावर हात ठेवला. “अगं बाई, किती बारीक झालास रे! आणि वहिनी तर कॉलेजातली दिसतेय. आणि हे काय? आईबाप वाळले, लेकीला कळतंय का काही?”

“तिला सांगून थकलो बाई,” आई म्हणाली. “आपण उदाहरण घालून द्यायचं. घेणं न घेणं तिच्या हातात.”

गब्बू दाराआड उभी राहून ऐकत होती. दाराची फट अरुंद होती आणि ती त्यात मावत होती, पण हे तिच्या लक्षात आलं नाही.

परीक्षा संपल्यावर शाळेच्या मैदानात धावताना ती पडली. ठेच लागून नाही, तशीच, उभ्याची आडवी झाली. नर्सबाईंनी तिला खोलीत निजवलं, साखरपाणी पाजलं, आणि बसती झाल्यावर काट्यावर उभं केलं.

“तेहतीस,” त्यांनी लिहिलं. मग जुनी वही काढून पाहिली. “वर्षाच्या सुरुवातीला एक्केचाळीस? बाळ, तू जेवतेस की नाही?”

“बाई, तुमचा काटा हलकं दाखवतोय,” गब्बू म्हणाली. “मी चाळीस आहे. कालच बघितलं. माझ्या बाबांना बोलवा, ते दुरुस्त करून देतील. ते कुणाकडून लबाडी चालवून घेत नाहीत.”

काटेमास्तर आले. पूर्वी शाळेचे दोन जिने चढताना त्यांना धाप लागायची. आज वजनांची पिशवी घेऊन ते भराभर वर आले. मुलगी बाकावर बसलेली बघून त्यांचा जीव भांड्यात पडला.

“तुमची लेक ऐकत नाही,” नर्सबाई म्हणाल्या. “म्हणते, काटा बिघडलाय. एकदा तपासून टाका, म्हणजे मी पुढचं विचारते.”

“काही गरज नाही,” बाबा म्हणाले.

“असं कसं? आधी शून्य बघा ना, बाबा,” गब्बू म्हणाली.

तिने स्वतः वाकून शून्य बघितलं. सुई शून्यावर होती. मग तिने पिशवीतून पहिलं वजन दोन्ही हातांनी उचललं. ते गुडघ्यापर्यंतच आलं. बाबांनी ते पटकन घेतलं आणि काट्यावर ठेवलं. पाच. दुसरं ठेवलं, दहा. पंधरा. वीस. सुई दर वेळी रेषेवर येऊन उभी राहिली.

“काय म्हणता?” नर्सबाईंनी विचारलं.

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले.

“म्हणजे मी तेहतीस?”

“हो.”

गब्बूने थोडा विचार केला. वजाबाकी तिला चांगली यायची.

“मग आपला काटा?”

बाबा पिशवीत वजनं भरू लागले. चारच होती, पण त्यांना बराच वेळ लागला. नर्सबाई एकदा बापाकडे, एकदा मुलीकडे बघत राहिल्या आणि हळूच त्यांनी पेन खाली ठेवलं.

“तुझ्या भल्यासाठीच गं,” बाबा म्हणाले. “हे बघ, पस्तिसाच्या खाली गेलीस की तू! जिंकलीस. आत्ता इथेच शिक्का मारतेस? पक्कड आणलीय मी.”

त्यांनी पक्कड पुढे केली. गब्बूने हात पाठीमागे घेतले.

घरी आल्यावर आईने ताट भरून वाढलं. गब्बूने सगळं खाल्लं, परत मागूनही घेतलं. आई डोळे पुसत म्हणाली, “बघा, काही मनात नाही हो तिच्या.” खरंच, ती रडली नाही, कुणाला काही बोलली नाही. बाबांना वाटलं, निभावलं.

संध्याकाळी ती बाहेर खेळायला निघाली.

“सहा वाजलेत,” बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले. “सातला घरी ये, काय?”

“हो बाबा,” ती म्हणाली. तिने चपला घातल्या, दार नीट ओढून घेतलं, आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली.

“काकू,” तिने विचारलं, “किती वाजले?”